सुंब्रीवाची चाळीस पावलं

याखन काकांची गोळी साफ चुकली असती तर बरं झालं असतं. हरणी तिच्या वाटेनं गेली असती आणि काका दुपारी घरी येऊन जेवले असते. पण गोळी लागली, आणि लागू नये तिथं, पोटाच्या मागच्या बाजूला लागली. हरणी एकदा पाठ वाकवून थबकली, मग सरळ झाली आणि दरीच्या सावलीतल्या झाडीत शिरून दिसेनाशी झाली.

नोव्हेंबरातला शनिवार होता. सप्टेंबरच्या मोठ्या शिकारीत सरकारनं ठरवलेली हरणं पुरी झाली नाहीत, की स्वित्झर्लंडमधल्या आमच्या एंगाडीनच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा काही दिवस शिकार उघडते. हौस कमी आणि थंडी जास्त, असा सगळा मामला. स्की घेऊन डोंगरात जाणारी मंडळी या दिवसांत गळ्यात यंत्र अडकवतात, पाठीवर फावडं घेतात, बर्फाचा इशारा चार वेळा वाचून मगच घराबाहेर पाऊल टाकतात. शिकारी मात्र बंदूक, दुर्बीण आणि वाळवलेल्या मांसाचा तुकडा एवढ्यावर निघतो. उतारावरून सुटणारे बर्फाचे लोट स्कीवाल्यांवर येतात, शिकाऱ्यांवर येत नाहीत, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत आहे. लोटाला ही गोष्ट अजून कोणी कळवलेली नाही.

काकांनी पुढचं सगळं रीतसर केलं. गोळी लागली त्या जागी खुणेची फांदी रोवली, हरणीच्या मागं धावले नाहीत आणि सेराइनाला फोन लावला. सेराइना मुंतारोल गावची, सदतीस वर्षांची, पोस्टाची पिवळी बस चालवणारी बाई. पण शिकारीच्या दिवसांत लोक तिला ओळखतात ते तिच्या ब्रुनामुळे. ब्रुना म्हणजे जखमी जनावराचा माग काढणारी तपकिरी कुत्री. लांब पट्टा बांधून तिला रक्ताच्या पहिल्या थेंबावर सोडलं, की ती शेवटपर्यंत नाक वर करत नाही.

जखमी जनावर रानात तसंच टाकून येणाऱ्या शिकाऱ्याला आमच्याकडे कोणी शेजारी बसवून घेत नाही. मग त्याच्या भिंतीवर कितीही शिंगं टांगलेली असोत. काकांनी सेहेचाळीस हंगामांत एकही जनावर असं मागं ठेवलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः बोलून दाखवत नसत, कारण बाकीचे बोलत. सेराइनाला बंदूक धरायला त्यांनीच शिकवलं होतं, तिचे वडील गेले त्या वर्षी. त्यामुळे फोनवर त्यांचा आवाज ऐकला तेव्हाच तिला कळलं, की म्हातारा आतून पार खचलाय.

पोटात लागलेल्या जनावराला लगेच उठवायचं नसतं, नाहीतर ते लांब पळतं; चार तास थांबावं लागतं. ते चार तास दोघांनी काकांच्या जीपमध्ये कॉफीच्या थर्मासवर काढले. काका जेमतेम चार वाक्यं बोलले असतील.

"लांब होती," ते एकदा म्हणाले. "मारायलाच नको होती."

"होतं असं कधीकधी," सेराइना म्हणाली.

"माझं होत नाही."

बारा वाजता ब्रुना मागावर लागली. लार्चच्या जंगलातून, पडलेल्या खोडांवरून, खाली मान घालून ती ओढत निघाली आणि तिच्या मागं पट्टा धरून सेराइना, तिच्या मागं काका. इथं बर्फ घोट्यापर्यंतच होता. वर सरकावं तसा तो गुडघ्याला आला. गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी वारा सुटला होता आणि हात-दीड हात नवा बर्फ पडला होता. उन्हाच्या बाजूला तो नुसत्या गवतावर पडला. सावलीच्या बाजूला मात्र ऑक्टोबरातला जुना बर्फ अजून तसाच खाली होता, हे सेराइनाला ठाऊक होतं. रोज बस चालवताना तीन आठवडे ती ते पांढरे पट्टे बघत आली होती. सकाळी इशाराही तिनं वाचला होता. उंचावरच्या सावलीतल्या उतारांवर जपून, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

जंगल संपता संपता एक सपाट मोकळी जागा लागली. तिथं मधोमध आल्यावर पायाखालून दबका आवाज आला, जड गादी जमिनीवर टाकावी तसा. सगळी जागा बोटभर खाली गेल्यासारखी वाटली. ब्रुना दचकून मागं आली आणि सेराइनाच्या पायाला चिकटली.

"बसला बर्फ," काका समाधानानं म्हणाले. "आता घट्ट झाला. माझे वडील म्हणायचे, बसलेल्या बर्फावरून गाय नेली तरी चालते."

आमचे जुने लोक असंच म्हणतात, आणि कळवळ्यानं म्हणतात, म्हणून त्यांना खोडून काढणं अवघड जातं. बर्फ बसतो म्हणजे घट्ट होत नाही. खालचा थर मोडतो आणि वरचा अधांतरी राहतो.  सेराइनानं पट्टा हाताला आणखी एक वेढा देऊन आखडला.

शंभर पावलांवर सुंब्रीवाचा उतार आला. सुंब्रीवा म्हणजे आमच्या बोलीत सावली. दोन जंगलांच्या मधून वरून खालपर्यंत उतरलेला उघडा पट्टा, चाळीस पावलं रुंद. त्यात एकही मोठं झाड नाही, नुसती खाली मान घातलेली झुडपं. तळाशी दगडांचा अरुंद ओढा. पट्ट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हरणीच्या खुरांची एक रांग गेली होती आणि रांगेच्या बाजूनं लाल ठिपके होते. समोरच्या स्प्रूसच्या झाडीत दोन पक्षी कर्कश ओरडत होते, जखमी जनावर जवळ बसलं की ओरडतात तसे. जनावर तिथंच बसलं होतं, फार तर ऐंशी पावलांवर, पण फांद्यांच्या आड.

ब्रुनानं रांगेवर नाक ठेवलं आणि ओढ घेतली. सेराइना जागची हलली नाही.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"इथून पुढं नाही."

"अगं, ती तिथं बसलीये. ऐकू येत नाही का तुला?"

"येतंय."

"मग?"

"थांबा जरा काका. मला बघू द्या."

जंगलाच्या कडेला, झाडांच्या आत, उताराच्या तोंडाशी सेराइनानं पाठीवरचं फावडं काढलं आणि खणायला घेतलं. काका बंदुकीवर भार देऊन बघत राहिले. शिकारीवर आलेली बाई बर्फात खड्डा खणते, हे त्यांना नवं होतं. जमीन लागेपर्यंत तिला पाच मिनिटं लागली, एवढाच तो बर्फ. वरचा थर वाऱ्यानं दाबलेला, फावड्यानं वडीसारखा कापला जाणारा. त्याच्याखाली मूठभर उंचीचा राखाडी थर होता. तिनं तो हातात घेऊन काकांच्या पुढं धरला आणि मूठ दाबली. गोळा झाला नाही. जाड्या साखरेसारखे दाणे बोटांमधून सांडून गेले.

"हा ऑक्टोबरचा," ती म्हणाली. "वरची सगळी वडी याच्यावर ठेवलीये. मघाशी सपाटीवर आवाज आला ना, तो हाच मोडल्याचा. तिथं उतार नव्हता म्हणून आपण उभे आहोत."

काकांनी खड्ड्यात वाकून बघितलं. "केवढा बर्फ आहे हा? माझ्या मांडीलासुद्धा येत नाही. एवढ्यातून लोट? पोरी, जानेवारीत दोन पुरुष बर्फ असतो तेव्हाची गोष्ट निराळी."

"जानेवारीत तुम्ही इथं येत नाही."

"पन्नास वर्षं येतोय मी इथं, नोव्हेंबरात."

"पन्नास वर्षं सुटला नाही, हे खरं."

"आणि हरणी? ती काय उडत गेली?" त्यांनी खुरांच्या रांगेकडं बोट केलं. "शंभर किलोचं जनावर. तडफडत गेलं. हललं काही?"

हा मुद्दा सेराइनालाही मघापासून खात होता. त्या रांगेसारखं मोहात पाडणारं दुसरं काही नसतं. कोणीतरी आधी गेलेलं आहे, वाट जणू तयार आहे. "तिच्या पायाखाली सुटला नाही, एवढंच त्यावरून कळतं," ती म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच पुरेसा ठाम वाटला नाही म्हणून तिला राग आला.

खरं सांगायचं तर तिलाही जायचं होतं. समोर एक जीव पोटात गोळी घेऊन बसला होता आणि तो संपवण्यासाठीच तिला बोलावलं होतं. ब्रुना पट्ट्यात कुंईकुंई करत होती. चाळीस पावलं म्हणजे तिच्या बसच्या चार लांब्या. पळत सुटलं तर अर्धं मिनिट. उलट उतार वाईट निघालाच नाही, तर आयुष्यभर लोक म्हणणार की सेराइना साखरेचे दाणे मोजत बसली आणि तिकडं हरणी तडफडून मेली.

काकांनी बंदूक खांद्याला अडकवली. "तू नको येऊ. कुत्रीला धर. मी जातो. गोळी माझी आहे."

"काका."

"मला अडवू नकोस सेराइना. हे अर्धवट सोडून मला घरी जाता येणार नाही. माझा मी जातो, माझं मी बघतो."

त्यांना धरून ठेवणं तिला जमलं नसतं. अडुसष्टाव्या वर्षीही ते तिला एका हातानं बाजूला करू शकत होते. आणि वाद घालून ते कधी ऐकत नाहीत, हे गावात त्यांच्या घरच्या मेंजिया काकूंपासून सगळ्यांना माहीत होतं. सेराइनानं ब्रुनाचा पट्टा झाडाला बांधला, कोटाची चेन उघडली आणि आतलं यंत्र काढलं. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव सांगणारं ते छोटं यंत्र तिनं काकांच्या गळ्यात अडकवलं आणि त्यांच्या कोटाच्या आत सरकवून पट्टा आवळला.

"हे काय?"

"तुमच्याकडं नाही ना. हे असलं म्हणजे मी तुम्हाला शोधू शकते. नाहीतर सगळा ओढा सळईनं टोचत बसावा लागेल." आणि मग तिला आठवलं. "पण शोधायला मला दुसरं लागेल, ते खाली बचाववाल्यांकडं आहे. त्यांना वर यायला तास लागेल. बंदूक खांद्याला अडकवू नका, हातात धरा. सुटला तर फेकून देता येईल."

काकांनी बंदूक खांद्यावरून उतरवून हातात घेतली.

"आणि जीपची किल्ली द्या."

"किल्ली कशाला?"

"तुमच्या खिशात गेली तर पंचाईत होईल. काकूंना इथवर आणायला गाडी लागेल मला."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. बस चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात जे आधी आलं ते तिनं विचारलं, हात पुढं करून. काकांनी खरंच खिशात हात घातला. किल्ली बाहेर आली, पण ती त्यांनी दिली नाही. नुसती धरून ठेवली.

"कुठं खणशील तू?" त्यांनी विचारलं.

सेराइनानं खाली दाखवलं. ओढा जिथं दोन खडकांमध्ये आवळला जातो तिथं. "सगळं तिथं येऊन साठेल. इथं मांडीएवढा आहे, पण दोनशे पावलांच्या उतारावरचा सगळा त्या खोबणीत जाणार. वाटेत दगड उघडे आहेत ते वेगळेच."

"किती खोल?"

"दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या ओढ्यात बचाववाल्यांबरोबर मी खणलं होतं ना, तो माणूस साडेतीन मीटरवर सापडला. वरचा बर्फ आजच्याएवढाच होता. तोही शिकारीच होता काका. पायात तुमच्यासारखेच बूट होते."

काका बराच वेळ त्या खोबणीकडं बघत राहिले. ही जागा त्यांनी पन्नास वर्षं पाहिली होती, पण नेहमी पलीकडं जाताना, नजर समोर ठेवून. पाय घसरला तर कुठं जाऊ, म्हणून खाली बघायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. समोरच्या झाडीत पक्षी पुन्हा ओरडले. काका खाली बसले, बर्फातच.

"काढ हे गळ्यातलं," ते म्हणाले. "टोचतंय."

सेराइनानं काढलं. तीही शेजारी बसली.

"मग ती तशीच मरणार का? रात्रभर?" काकांनी विचारलं. "माझ्यामुळं?"

"नाही. कुर्दिनला फोन करा. त्या बाजूच्या जंगलरस्त्यानं तो तासाभरात तिच्यामागं पोचेल. त्याला उतार ओलांडावाच लागत नाही."

"कुर्दिनला?"

कुर्दिन म्हणजे आमच्या खोऱ्याचा वनरक्षक. उन्हाळ्यापूर्वी नेमबाजीच्या चाचणीला त्यानं चार माणसांत काकांना सांगितलं होतं, की काका, एकदा डोळे तपासून घ्या. त्या दिवसापासून काकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. रस्त्यात भेटला तर दुकानाच्या काचेत बघत.

"तूच कर की फोन," काका म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना मघाशी, गोळी तुमची आहे."

"जीभ बघा पोरीची." पण त्यांनी हातमोजा काढला. फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून नंबर शोधला. सेराइनानं मदत केली नाही, आणि न करायला तिला बरेच कष्ट पडले.

"कुर्दिन? मी याखन." थोडं थांबून, "हो, मीच. ऐक. हरणीच्या पोटात मारली मी. चुकली माझी. सुंब्रीवाच्या पलीकडं झाडीत आहे, खालच्या टोकाला. मी जाऊ शकत नाही. तू जा."

पलीकडून कुर्दिन काय बोलला ते फोन मोठ्यानं लावल्यामुळं सेराइनालाही ऐकू आलं. काकांना वाटत होतं तसं तो डोळ्यांचं काही बोलला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "काका, तुम्ही आत्ता कुठं उभे आहात? उतारावर तर नाही ना?"

"नाही," काका म्हणाले. "झाडांत बसलोय. सेराइना आहे."

"तिथंच बसा. निघालोच मी."

फोन खिशात ठेवायला काकांना जरा वेळ लागला. मग त्यांनी वाळवलेल्या मांसाचा तुकडा काढला, चाकूनं तीन भाग केले आणि पहिला ब्रुनाला दिला.

तीन वाजून वीस मिनिटांनी समोरच्या झाडीतून एकच बार ऐकू आला. पक्षी उडाले. काकांनी टोपी काढली आणि प्रतिध्वनी विरेपर्यंत हातात धरली. सुंब्रीवावर काहीही हललं नाही. खुरांची रांग तशीच होती, लाल ठिपके तसेच. सेराइना त्या उताराकडं बघत होती, आणि तो आत्ता आपण होऊन सुटावा, असं तिला फार वाटलं. एकदा सुटला असता तर सगळं सिद्ध झालं असतं. या धंद्यातलं दुःख हेच, की परत फिरलेल्या माणसाला आपण बरोबर होतो की घाबरट, हे कधीच कळत नाही. उतार मुकाट पडून राहिला. दोघं आल्या वाटेनं, झाडाझाडांतून, सपाटीला वळसा घालून खाली आली.

साडेपाचला कुर्दिननं हरणी गाडीवरून गावात आणली. हॉटेलाच्या अंगणात दिव्याखाली दहाबारा शिकारी जमले होते. हॉटेलवाला क्ला कपांतून गरम वाइन वाटत होता. क्लाची जीभ गावात सगळ्यात लांब, आणि दुपारी गच्चीवर दुर्बीण लावून बसणं हा त्याचा हिवाळ्यातला उद्योग.

"काय सेराइना," तो म्हणाला, "अंधार पडेपर्यंत बघत होतो मी. सुंब्रीवा जिथल्या तिथं आहे. चमचाभर बर्फ खाली आला नाही. ऐंशी पावलांवर जनावर, आणि तू काकांना हात धरून परत आणलंस. पुढच्या वेळी हरणीलाच सांगू, बाई इकडं ये, आम्हाला भीती वाटते."

लोक हसले. सेराइनाही ओठ ओढून हसली, कारण न हसून सांगणार काय? तिच्याकडं पुरावा म्हणून मूठभर साखरेसारखा बर्फ होता आणि तो कधीच वितळला होता. तिनं ब्रुनाला जवळ ओढलं आणि घरी जायला वळली.

"थांब," काका म्हणाले.

आमच्याकडं जनावर मिळालं की स्प्रूसची एक डहाळी तोडतात. ती शिकाऱ्याला देतात, तो टोपीत खोवतो. माग कुत्र्यानं काढला असेल तर शिकारी डहाळीचे दोन तुकडे करतो आणि अर्धी कुत्र्याच्या धन्याला देतो. कुर्दिननं पलीकडच्या झाडीतून डहाळी आणली होती. त्यानं ती काकांच्या हातात ठेवली आणि दोघांनी हात मिळवला, सहा महिन्यांत पहिल्यांदा. काकांनी डहाळी मधोमध मोडली आणि अर्धी सेराइनापुढं धरली.

"अहो काका, तिला कशाला?" क्ला म्हणाला. "तिच्या कुत्रीला काय सापडलं? हरणी तर कुर्दिननं आणली."

काका त्याच्याकडं वळले. ते रागावलेले नव्हते. वर्गात एकच गणित तिसऱ्यांदा समजावणाऱ्या मास्तरासारखे दिसत होते.

"क्ला, मी आज पाय उचलला होता," ते म्हणाले. "त्या उतारावर टाकायला. हिनं माझ्याकडं जीपची किल्ली मागितली, मेंजियाला वर न्यायला."  हॉटेलाच्या दारात मेंजिया काकू कप हातात धरून उभ्या होत्या, त्यांनी कप खाली ठेवला. "तू म्हणतोस, उतार जिथल्या तिथं आहे. असू दे. तो तिथं आहे आणि मी इथं आहे. आणखी काय सापडायला पाहिजे होतं तुला?"

 क्लानं भांड्यातून एक कप भरला आणि सेराइनाच्या हातात दिला.

तिनं कप कुर्दिनकडं सोपवला, कारण दोन्ही हात मोकळे हवे होते, आणि अर्धी डहाळी घेऊन टोपीत खोवली.